मुलीच्या लग्नकार्याकरिता

मामा, माझं लग्न तुम्ही आधी स्टँपावर लिहिलंत आणि नवरा मागाहून शोधलात. लिहिलंत म्हणजे माझ्याच हातानं लिहून घेतलंत. तुम्हाला जाऊन आता पन्नासाच्या वर वर्षं झाली, तुम्हाला ओळखणारी माणसंही एकेक करून संपली, तरी हे वाक्य मी कुणापाशी बोलले नव्हते. आज बोलते. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, ‘पोरी, आदी बस, पानी पी, मग सांग काय ती तक्रार.’ कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तसंच म्हणत होता. मी बसलेलीच आहे. पाणी नको मला.

तुमच्या इस्लामपूरच्या घराला दोन खोल्या, आणि उजेड काय तो मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराला. दुपारी मामी भांडी घासून जरा आडवी झाली की मी चुलीपासून लांब, उंबऱ्याजवळ तुमचा उतरता डेस्क मांडायची. हात दोनदा राखेनं धुवायचे, परकराला कोरडे करायचे, मग स्टँपाचा कागद उलगडायचा. कागदावर तेलकट बोट उमटलं तर तुम्ही चार-चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता. तुमच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. ते फक्त घरातल्या आम्हा तिघींना, मामी, आई आणि मला, माहीत. कचेरीत तुम्ही पेन्सिलीनं कसाबसा कच्चा मजकूर उतरवून आणायचात आणि पक्का मी लिहायची. खाली ‘दस्तुर’ म्हणून, म्हणजे हा कागद ज्यानं लिहिला तो म्हणून, तुमचं नाव. तेवढं नाव तुम्ही डाव्या हातानं उजवं मनगट धरून घालायचात. वडील पलटणीत होते, लढाईवर गेले आणि तिकडच्या इस्पितळात तापानं गेले. चुलत्यांच्या घरात आईचा निभाव लागेना, तेव्हा तुम्ही बैलगाडी घेऊन आलात आणि आम्हा दोघींना घेऊन गेलात. थोरल्या भावानं करावं ते तुम्ही केलंत, मी नाकारत नाही. पण खाल्लेल्या भाकरीची फेड मी रोज दुपारी लिहून केली. तुम्हीही ते नाकारू नका.

सगळी कचेरी तुम्हाला मामाच म्हणायची. रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, तुमचं पोतं आणि तुमची पेटी. वाळवे तालुक्यातला कुणीही शेत विको, घराची जागा विको, म्हैस विको, कागद तुमच्याकडून हवा. म्हैस विकतानासुद्धा तुम्ही ‘खोडी दाखवून दिल्या आहेत’ एवढे शब्द घातल्याशिवाय राहत नव्हता, कारण ते नसले तर उद्या म्हैस लाथाडती निघाली की घेणारा दारात येणार. जमिनीला तर काय, चारी बाजूंना कोण आहे, विहिरीत किती वाटा, बांधावरचं झाड कुणाचं, विकणारा शुद्धीत आहे का, खुशीत आहे का, सगळं. ते शिकताना मला फार आवडायचं हे कबूल करते. कोरड्या शब्दांनी माणसांना बांधून ठेवता येतं याची मला गंमत वाटायची. आणि तुमचा एक अभिमान होता. जेवताना, पाहुण्यांसमोर, कुठंही तुम्ही तो बोलून दाखवायचात. ‘माजा एक बी कागद आजवर कोर्टातनं फिरून आला न्हाई.’ मामी गालात हसायची. मी मात्र ते ऐकून ताठ बसायची, कारण तो कागद माझाही असायचा.

मी सातवीच्या फायनलच्या परीक्षेत पास झाले तेव्हा तुम्ही सांगलीला गेला होता. येताना माझ्यासाठी काळी छत्री आणलीत, लाकडी मुठीची, बायका वापरतात त्याहून मोठी. ‘साताऱ्याला पाऊस लय आसतो. मास्तरीन भिजली तर पोरं हसत्याल,’ म्हणालात. त्या आधी आठवडाभर आई आणि तुम्ही बोलत होता की मला साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायचं. आईच्या नावावर वडिलांच्या वाटणीची दोन रानं आली होती, त्यातलं ओढ्याकडचं विकायचं आणि त्यातून माझं तिथलं राहणं-खाणं भागवायचं, हे तुम्हीच सुचवलंत. घेणारा तुम्हीच आणलात. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला हवालदार, शेजारच्या गावचा, ऊस लावायला पाण्याजवळचं रान शोधत होता. मी त्या संध्याकाळी घरातल्या घरात छत्री उघडून उभी राहिले होते, मामी ओरडली म्हणून मिटली.

कागद करायच्या दुपारचं मला सगळं दिसतं. तुम्ही उंबऱ्यावर बसला आहात, आई जात्यापाशी. मी लिहिते आहे. लिहून घेणार अमुक, लिहून देणार अमुक, कारणे खरेदीखत लिहून देते ऐसे जे. पुढे तुमचा कच्चा मजकूर वाचते आणि हात थांबतो. तुम्ही लिहिलं आहे, ‘माझी मुलगी उपवर झाली असून तिच्या लग्नकार्याकरिता मला रकमेची गरज असल्याने.’

मी म्हणते, “मामा, हे चुकलंय. लग्न कुठं? मी साताऱ्याला चाललेय ना.”

“चुकलं न्हाई.”

“मग खरं कारण लिहू की. मुलीच्या शिक्षणाकरिता.”

तुम्ही हसलात. हसून पान लावलंत. “आगं, रांडमुंड बाईला नवऱ्याचं रान खायाला आसतं, इकायाला नसतं. इकायाचं तर गरज दाकवावी लागती. नवऱ्याचं दिवस घालाया, सरकारचा सारा भराया, न्हाईतर लेकीचं लगीन. लेकीला शिकवाया रान इकलं म्हनून कुटल्या कोर्टात टिकंल? उद्या तुजं चुलतं हुबं ऱ्हात्याल.”

“पण हे खोटं आहे.”

“कागदाला गरज लागती, पोरी. मानसाला आसू दे न्हाईतर नसू दे. समद्या इधवांच्या कागदात ह्येच आसतं. तू कमी लिवलीयास व्हय ही वळ?”

नव्हती कमी लिहिली. डझनावारी लिहिली होती, आणि एकदाही हात थांबला नव्हता. कुणाच्या तरी मुलीचं लग्न व्हायचं असेल, असं समजून चाललं होतं. तेव्हा मी लिहिलं. वळणदार लिहिलं, रेघ न मोडता. पायलीभर जोंधळे दळून झाल्यावर आईनं हात झटकले आणि तिथूनच विचारलं, “झालं का गं?” मी म्हटलं, झालं.

रजिस्ट्रारच्या खोलीत आईनं अंगठा दिला. साहेबांनी विचारलं, “बाई, राजीखुशीनं देता ना?” आई म्हणाली, “व्हय.” हवालदारानं निम्मी रक्कम तिथं दिली, बाकी नोंद त्याच्या नावावर झाल्यावर द्यायची ठरली. सातबाराला नाव लागायचं तर तलाठी गावात नोटीस लावतो आणि कुणाची हरकत असेल तर मागतो. चुलते त्याचीच वाट बघत होते. वाटण्या तोंडी झालेल्या, कागद कुठला नाही. थोरला चुलता मामलेदारापुढं उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, “लगीन कुटं हाय, सायेब? नवरा कोन? पोरगी साताऱ्याला निगालीया शिकाया. छत्री सुदीक घेतलीया तिला!” सगळी कचेरी हसली. तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा मीही हसले. मला वाटलं, आता तुम्ही एखादा दुसरा कागद लिहाल आणि सगळं सरळ होईल. तुम्हाला कागदाचं काही अशक्य नव्हतं.

मामलेदारानं पुढची तारीख दिली महिन्यानं. हवालदार दुसऱ्याच दिवशी घरी आला. पलटणीतला माणूस, बसलासुद्धा ताठ. “मामा, आपल्याला काम एकदम पक्कं पायजे. लगीन लिवलंय, तर लगीन दिसाया पायजे. न्हाईतर माजं निम्मं पैसं परत द्या आन् कागद रद्द करा. मी काय वाईट मानूस न्हाई, पर फसायाचं न्हाई आपल्याला.” मी आतून ऐकत होते. मला तो माणूस सरळ वाटला. अजूनही वाटतो. त्यानं पर्याय दिला होता. पैसे परत करायचे होते, रान आपल्याकडं राहणार होतं, आणि माझं साताऱ्याचं बघायला पुढं वर्ष होतं. तुम्ही म्हणालात, “रद्द कशाला? लगीन हाय की.” आणि मी होते त्या दाराकडं न बघता मामीला चहा टाकायला सांगितलंत.

त्या दिवसापासून मामा, तुम्ही घरात शब्द मोजून बोलू लागलात. मी पाय आपटले, जेवले नाही, आईच्या पदराला धरून रडले. आई म्हणायची, दादा म्हणतात ते ऐक. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत आणि जे बोललात त्याची तुम्हाला आठवण होती का, मला माहीत नाही. म्हणालात, “तुज्याच हातचं लिवलेलं हाय. लिवलं ते करून दावावं लागतं. न्हाईतर लिवायाला यायाचं नव्हतं.” तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नाहीत. जणू मीच माझं लग्न मागून घेतलं होतं आणि आता नखरे करत होते.

बारा दिवसांत स्थळ. म्हसवडचं. पत्रिका सांगलीत छापल्या गेल्या, लढाईचे दिवस म्हणून कागद पिवळट आणि पातळ. हळदकुंकू लावून पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची असते. माझी पहिली पत्रिका तुम्ही मामलेदाराच्या कचेरीत नेऊन प्रकरणाच्या कागदांना टाचलीत. मामी देवापुढची पत्रिका शोधत बसली तेव्हा तुम्ही बेफिकीर म्हणालात, “दुसरी ठेव. द्येवाला कुटं तारीक हाय?” मामलेदारानं पत्रिका बघितली, चुलत्याची हरकत काढून टाकली, हवालदाराची नोंद झाली. राहिलेल्या रकमेतून मांडव पडला, गुळाचे लाडू झाले, मला हिरवं लुगडं आलं. आईनं विकलेल्या रानाचे पैसे खरोखर तिच्या मुलीच्या लग्नकार्याकरिता गेले. एक शब्द खोटा राहिला नाही कागदात. तुमचा कागद फिरला नाही.

म्हसवडला मी छत्री नेली होती. सासूनं ती बघून सगळ्या आळीला बोलावलं. पाऊस यायचा कधी, आणि आला तर लोक अंगावर घ्यायला बाहेर पळायचे, तिथं ही बाई छत्री घेऊन नांदायला आली. नवरा वाईट नव्हता. घोंगड्यांचा व्यापार करायचा, बाजार करत फिरायचा, घरी आला की गप्प असायचा. मारझोड केली नाही, दारू प्यायला नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि माझ्या लिहिण्याची त्याला भीती वाटायची. मी एकदा वाण्याकडून आलेला कागद वाचून दाखवला तेव्हा तो कागद त्यानं माझ्या हातून काढून घेतला, आणि पुन्हा काही वाचायला दिलं नाही. चांगल्या माणसाच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं, हे मी तुम्हाला कसं समजावू? तुम्ही मला वाइटाकडे दिलं असतंत तर माझ्या रागाला लोकांनी कारण तरी मानलं असतं. मी मेंढरांच्या लोकरीचा वास अंगावर घेऊन सकाळी पाणी भरायला जायची, आणि मनातल्या मनात साताऱ्याच्या त्या शाळेच्या पायऱ्या चढायची, ज्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडं आले. सातवा महिना, पाय सुजलेले, आणि तुम्ही दुसऱ्याच दुपारी डेस्क पुढं सरकवलात. मी लिहायला बसले. का बसले? दुसरं काही येत नव्हतं म्हणून, आणि शाईचा वास आला म्हणून. त्याच महिन्यात कृष्णाकाठच्या एका गावची विधवा घरी आली. कचेरीत नाही, घरी. बरोबर मुलगी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, डोळे सारखे माझ्या हाताकडं. बाई म्हणाली, “मामा, पोरीला साताऱ्याला घालायची हाय. ट्रेनिंगला. कागदात काय लिवायाचं ते तुमी लिवा, मला त्यातलं कळत न्हाई.” तुम्ही मजकूर सांगितलात. मी लिहिला. तिच्या मुलीच्या लग्नकार्याकरिता. त्या बाईला दीर नव्हते, भाऊबंद लांबचे, हरकतीला कुणी आलं नाही. कागद जसा होता तसा पचला. माझा मुलगा दोन महिन्यांचा झाला तेव्हा ती मुलगी साताऱ्याच्या मोटारीत बसलीसुद्धा. ती मुलगी जाताना घरी येऊन तुमच्या पाया पडल्याचं मामीनं मला कौतुकानं सांगितलं.

आई गेली त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळालेलं होतं आणि सगळीकडं झेंडे अजून नवे होते. शेवटच्या आठवड्यात तिची शुद्ध येत-जात होती. एका सकाळी मी तिला पेज भरवत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “तुजा थोरला चुलता आला व्हता तवा. लग्नाच्या आदी.” मी विचारलं, कशाला? “म्हनला, रान पलटनवाल्याला नगं, आमाला द्या, त्योच भाव. मग आमी हरकत काढतो आन् पोरीला जाऊ द्या शिकाया. हवालदार बी पैसं घेऊन मागं सराया तयार व्हता.” मग? “दादा न्हाई म्हनलं. म्हनलं, माजा कागद रद्द झाला आसं उद्या तालुका म्हनंल.” पेज तिच्या हनुवटीवर सांडली ती मी पुसली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मामा, तोवर माझा राग तुमच्यावर होता खरा, पण त्याला मी दुखणं समजत होते, आपोआप बरं होईल असं. तुमचा नाइलाज होता, असं मी स्वतःला सांगत आले होते. त्या सकाळी कळलं की नाइलाज नव्हता. दार उघडं होतं. चुलता, ज्याला आम्ही राक्षस समजत होतो, तो ते उघडून उभा होता, आणि तुम्ही ते लोटलंत. का, तर तुमचा एकही कागद फिरला नव्हता म्हणून. माझ्या बदल्यात तुम्ही एक वाक्य राखलंत, पाहुण्यांसमोर बोलायचं. मी आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसले होते तेव्हाच ठरवलं की ते वाक्य मी तुमच्या तोंडून काढून घेणार.

बाराव्यानंतर म्हसवडला परत गेले आणि तक्रार लिहिली. तुम्हीच शिकवलेल्या भाषेत, तुम्हीच शिकवलेल्या वळणात. इस्लामपूरच्या कचेरीत नवे साहेब आले होते, तरुण, कडक, खोट्या दस्तांच्या मागं लागलेले. मी लिहिलं की अमुक इसम दस्तांवर स्वतःला लेखक म्हणवतो, पण अक्षर त्याचं नाही, माझं आहे. विधवांच्या खरेदीखतांत तो खोटी कारणं घालतो आणि मी ती माझ्या हातानं लिहिली आहेत. सोबत यादी जोडली. मला ते कागद पाठ होते. गाव, बाई, घेणारा, रान. नव्या मास्तरणीला पोरांची नावं पाठ असावीत तशी मला ती खरेदीखतं पाठ होती. नवऱ्याला सांगितलं, माहेरी जाऊन येते. धाकट्याला कडेवर घेतलं आणि सर्व्हिस मोटारीनं निघाले.

साहेबांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. तुम्ही धोतर बदलून आला होता, टोपी सरळ. माझ्याकडं बघितलंत ते ओळख नसल्यासारखं नाही, उलट दस्तातली चूक शोधताना बघायचात तसं. साहेबांनी मला कोरा कागद दिला. “बाई, चार ओळी लिहा.” मी मुलाला टेबलावर बसवलं आणि लिहिलं, राजीखुशीने व अक्कलहुशारीने खरेदीखत लिहून दिले असे. साहेबांनी पेटाऱ्यातून काढलेले तुमचे कागद शेजारी ठेवले. बघायला वेळ लागला नाही. मग त्यांनी दुसरा कोरा कागद तुमच्यापुढं सरकवला. “आता तुम्ही.” तुम्ही टाक उचलला. डाव्या हातानं मनगट धरलंत. तीन अक्षरं झाली, आणि शाईचा थेंब पडला, आणि तुम्ही टाक खाली ठेवलात. ती खोली, तो थेंब, तुमचा हात. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नाही. मुलाच्या जन्मालासुद्धा नाही. हे मी लपवत नाही.

तुम्हाला कचेरीच्या आवारात बसायला बंदी झाली. यादीतल्या दस्तांची चौकशी लागली, नोटिसा गावोगावच्या चावडीत वाचल्या गेल्या. दोन-तीन कागद कोर्टात गेले आणि फिरून आले, एकदम. पुढची सात वर्षं तुम्ही घरात बसून होता. मामी म्हणे दुपारी डेस्क पुसून ठेवायची. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि थापायच्या थांबले नाही. तुमच्या दहाव्याला आले नाही. तुम्ही गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत कायदा बदलला. बाईच्या नावची जमीन बाईची झाली, खाऊ दे, विकू दे, कारण सांगायची गरज उरली नाही. माझ्या सुनेनं परवा तिच्या बापाकडून आलेला प्लॉट विकला. कागदात कारण नाही. मी तो दोनदा वाचला. इतकं साधं होतं ते, आणि त्यावर आपण दोघांनी एकमेकांचा जीव घेतला.

इथवर लिहिलं ते मी कुणालाही वाचून दाखवू शकते. राहिलं ते दाखवू शकत नाही, म्हणून हे पत्र कुठं जाणार नाही.

साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुम्ही वऱ्हांड्यात माझ्यापाशी आलात. मला वाटलं, आता हात जोडाल. मी त्याची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, “बाकीचं समदं ऱ्हाऊ दे यादीत. माजं व्हायाचं ते व्हईल. तेवडा पैला काड. ती पोरगी साताऱ्याला हाय. आजून वरीस ऱ्हायलंय तिचं.” एवढंच. आवाज तुमचा तोच, मजकूर सांगतानाचा. साहेब आतच होते, यादी टेबलावर होती. मला फक्त परत आत जाऊन एक ओळ खोडायची होती. मी मुलाला कडेवर घेतलं आणि म्हणाले, माझी मोटार चुकेल. मोटारीला अजून दोन तास होते.

त्या मुलीची बातमी मला मामीकडून कळली. चावडीत नोटीस वाचल्यावर त्या बाईचे लांबचे भाऊबंद जवळ आले, कागद खोटा, लग्न कुठं आहे, म्हणाले. घेणारा घाबरला. मुलीला वर्षाच्या मध्यावर साताऱ्याहून आणलं आणि कोर्टाच्या तारखेच्या आत तिचं लग्न लावून दिलं. कागद टिकला. लोकांना, आणि कितीतरी वर्षं स्वतःलाही, मी सांगत आले की तो कागद पहिला घातला कारण पुरावा तोच पक्का होता. मुलगी बिनलग्नाची, सगळ्यांना दिसणारी. खरं तसं नाही मामा. ती साताऱ्याला पोचली होती म्हणून मी तिला पहिली लिहिली. तुम्हाला ते यादी बघताक्षणी कळलं होतं.

ती माझ्याहून लहान, असेल अजून. तिच्या सासरच्या गावाचं नाव मामीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि ते मी विसरलेले नाही. हे पत्र तिला पाठवायला हवं, तुम्हाला नाही. पाकीट घरात आहे. पण मी पाठवणार नाही.